आचाऱ्याचा घरचा डबा

कारखान्याच्या कँटीनचा आचारी स्वतःच्या हातचं खात नाही, म्हणजे भाजीत नक्की काहीतरी कालवतो, अशी कुजबुज होती. काय कालवतो, ते ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे. पालीपासून झोपेच्या गोळीपर्यंत. आचारी मात्र पातेल्यांमागे बसून घरचा डबा निमूट संपवायचा. चव बघायची झाली की भांडी घासणाऱ्या मावशींपुढे पळी धरायचा.

"माझ्या नवऱ्याने जन्मात एवढं वाढलं नाही मला," मावशी म्हणायच्या. "मीठ घाल अजून."

शेवटी मॅनेजरने सगळ्यांदेखत भाजीची वाटी पुढे केली. "खा, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

पोट बिघडलेल्या आचाऱ्याच्या हातचं कोण खाणार, या धास्तीने तो आजवर गप्प होता. नोकरी जायचीच, तर खरं सांगून जाऊ दे, म्हणून त्याने डबा उघडला. आत कुस्करलेलं गाजर आणि मऊ भात.

"कुणाच्या बाळाचा पळवलास रे?" मावशी म्हणाल्या.

आचाऱ्याने सगळं सांगितलं. मॅनेजरने ती वाटी स्वतःच संपवली आणि आणखी मागितली.

आचाऱ्याच्या आतड्याला जखमा होत्या. डॉक्टरांनी आधी गाळलेलं सूप, मग भात-गाजर, ते पचलं की पुढचा एकच पदार्थ, असं टप्प्याटप्प्याने खायला सांगितलं होतं. मसाल्याची पाळी अजून आली नव्हती.