मालिनीची टीम मिनेसोटात येते

मालिनी सरंजामे मूळची नागपूरची. फार्मसी शिकायला ती लॉस एंजेलिसला, यूएससी नावाच्या युनिव्हर्सिटीत आली, तेव्हा फुटबॉल पायाने खेळतात एवढंच तिला ठाऊक होतं. पहिल्याच शनिवारी रूममेटने तिला ओढत स्टेडियमवर नेलं, तिथे चेंडू हातात धरून पळायचं अमेरिकन फुटबॉल दिसलं आणि जे वेड लागलं, ते लागलंच. पुढे गिरीशशी लग्न झालं. त्याच्या नोकरीपायी बिऱ्हाड मिनेसोटात, ईडन प्रेरीला हललं. लेक रुही मोठी होऊन मिनेसोटा युनिव्हर्सिटीत गेली, तिथल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवू लागली. मालिनीची टीम मात्र तिकडे पार पॅसिफिकच्या किनाऱ्यावर. इथली माणसं निजायला निघाली की तिकडची मॅच सुरू व्हायची. मग ही बाई टीव्हीचा आवाज बंद करून, तोंडात उशी कोंबून किंचाळायची.

अशात कॉलेज फुटबॉलची सगळी घडीच विस्कटली. या कॉलेजांचे गट असतात, कॉन्फरन्स म्हणतात त्यांना. मॅचेस बहुतेक आपल्याच गटात. टीव्हीच्या पैशामागे धावता धावता पश्चिमेकडचा जुना गट फुटला आणि यूएससी चक्क मिनेसोटाच्या गटात आली. गटाचं नाव बिग टेन, आत कॉलेजं अठरा!

बातमी आली तेव्हा मालिनी फार्मसीच्या काउंटरवर होती. गोळ्या न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याला तिने न विचारताच सांगून टाकलं, "माझं कॉलेज तुमच्या गटात येतंय!"

म्हातारा मिनेसोटाचा कट्टर भक्त. "येऊ दे," तो म्हणाला. "आमची थंडी दाखवू त्यांना."

सगळेच असे खूश नव्हते. तिची मैत्रीण अहिल्या तिकडच्याच किनाऱ्यावर, बर्कलीत शिकलेली. दोघींच्या कॉलेजांची मॅच दरवर्षी ठरलेली, आणि त्या दिवशी फोनवर दोघींचं भांडणही ठरलेलं.

"तुझं ठीक आहे गं," अहिल्या फोनवर म्हणाली. "आमचं कॉलेज पॅसिफिकवर, आणि टाकलंय अटलांटिकच्या गटात. परवा मॅचला फ्लोरिडाला गेले होते! आता मी भांडू कुणाशी?"

मालिनीला एकदम गलबलून आलं. "माझ्याशी भांड," ती म्हणाली. "मॅच नसली तरी फोन कर."

दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात तो शनिवार उजाडला. मालिनी सकाळपासून घरात टिकेना. कॉलेजचा जुना लाल टी-शर्ट चढवून ती गिरीशला घेऊन निघाली, तेवढ्यात रुहीचा फोन आला. "मॉम, प्लीज, डोन्ट एम्बॅरस मी. मी बँडमध्ये आहे."

"तू तुझं ट्रम्पेट वाजव," मालिनी म्हणाली. "मी माझा घसा वाजवते."

स्टेडियमच्या दारात गंमत झाली. मिनेसोटाचा रंग तांबडा-सोनेरी, यूएससीचाही जवळपास तोच. दारावरच्या माणसाने तिला आपल्यातलीच समजून टाळी दिली. मालिनीनेही मुकाट्याने टाळी घेतली आणि मिनेसोटावाल्यांच्या मधोमध जाऊन बसली.

यूएससीने चेंडू टोकाच्या रेषेपार नेऊन टचडाउन केला, तसं तिचं बिंग फुटलं. सगळा स्टँड गप्प, आणि एकटी मालिनी यूएससीच्या खुणेची दोन बोटं उंचावून नाचतेय! शेजारची बाई थक्क होऊन बघत राहिली, मग हसत सुटली. "तू शत्रू आहेस होय? बस बस, पॉपकॉर्न घे."

गिरीश जन्मभर क्रिकेट बघणारा. सुरुवातीला तो फोनवर स्कोअर बघत होता. खेळाच्या शेवटच्या चौथ्या भागात मिनेसोटाने बरोबरी साधली, तेव्हा फोन कधी खिशात गेला त्याचं त्यालाच कळलं नाही. मिनिटभर उरलं असताना मिनेसोटाची टीम गोललाइनच्या तोंडाशी होती. शेवटचा प्रयत्न. माणसांचा ढीग पडला. पंच म्हणाले, चेंडू रेषेपार पोचला नाही!

मालिनीने गिरीशला मिठीच मारली. पण पंचांनी व्हिडिओ तपासायला घेतला. अख्खं स्टेडियम श्वास रोखून उभं राहिलं. तिने गिरीशचा दंड इतका घट्ट धरला की तो ओरडला. निकाल फिरला. टचडाउन!

यूएससीची शेवटची धडपडही फुकट गेली. कठडे ओलांडून पोरं मैदानात धावली. मालिनीचे डोळे भरून आले होते, तरी तिला बसवेना. इतक्या वर्षांत प्रथमच ती आपल्या टीमची हार भर गर्दीत, मोठ्या आवाजात भोगत होती, आणि त्यात तिला मजा येत होती.

बाहेर रुही धावत आली, टोपी तिरकी, गाल लाल. "मॉम! डिड यू सी दॅट?"

"बघितलं गं. त्या पंचांना चष्मा लागलाय," असं म्हणत मालिनीने लेकीला कवेत घेतलं आणि दोघी तिथेच उड्या मारू लागल्या. नक्की कोण कशासाठी, कुणाला कळेना.

गाडीत बसल्यावर गिरीशने पट्टा लावला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी तुझी टीम इलिनॉयला येतेय ना? तिथल्या नेपरव्हिलला माझ्या मित्राकडे, शैलेंद्रकडे उतरू. तिथून गाडीने जाऊ."

मालिनी त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला कसं रे माहीत?"

"हाफटाइमला बघितलं," तो म्हणाला. "आणि हे बघ, मलाही एक टी-शर्ट घे."