आपलं नाव, काका?

गाववाल्यांनो, आणि माझ्यासारखेच ट्रंक उचलून बाहेर पडलेल्यांनो,

ऐंशी सालच्या जूनमध्ये मालवणच्या स्टँडवर आबा एसटीच्या खिडकीखाली उभे होते. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढून ओढून त्यांचे तळवे असे झाले होते की खिडकीची तापलेली पट्टी त्यांनी खुशाल धरून ठेवली होती. गाडी हलताना म्हणाले, "थंय जावन मोठो हो. पण घराक येताना मोठो होवन येव नको." मी मान डोलावली. माझं सगळं लक्ष ट्रंकेकडे होतं. आयेने त्यात सुके बांगडे भरले होते, आणि घाट चढेपर्यंत त्यांनी सबंध गाडी ताब्यात घेतली. कंडक्टर म्हणाला, "यांचंही तिकीट काढायला हवं होतं!"

पुण्यात मी पेडव्यांवर पीएच.डी. केली आणि तिथेच शिकवू लागलो. समुद्र नसलेल्या गावात माशांचा अभ्यास करणारा, म्हणून डिपार्टमेंटमध्ये माझी टिंगल व्हायची. मी ती रंगवून रंगवून वाढवायचो. कँटीनमध्ये माझ्या टेबलाभोवती नेहमी गर्दी. पण खरं सांगू? पेडव्यांचे थवे किनाऱ्याला कधी लागतात, हे मला दहाव्या वर्षीच कळलं होतं. रापणीचा दोर माझ्या हातात देऊन आबा म्हणाले होते, "दोर बुळबुळीत लागलो काय समज पेडवे इले." पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ माजतं, दोराला चिकटतं, आणि तेच खायला पेडवे येतात. माझा प्रबंध म्हणजे आबांच्या एका वाक्याचं दोनशे पानी शुद्धलेखन.

अठ्ठ्याऐंशीत डिपार्टमेंटने ठरवलं, प्राध्यापकांनी गावोगाव जाऊन आपलं संशोधन लोकांना सोप्या भाषेत सांगायचं. मी आधी हात वर केला. कुठे जाणार? हे काय विचारणं झालं!

आमच्या वाडीतल्या देवळाचा मांडव, स्लाइड प्रोजेक्टर, पांढरं धोतर बांधून केलेला पडदा. पुढे सरपंच, हायस्कूलचे मास्तर, पुण्याहून आलेले माझे दोन सहकारी. मागे सगळी वाडी. आणि मी, घरात कधीही न बोललेल्या मराठीत, "मित्रहो" म्हणून सुरू झालो. सोपी भाषा पहिल्या स्लाइडलाच बुडाली. लोक जांभया देऊ लागले. शेवटी मी म्हणालो, "प्रश्न विचारा. विचारणाऱ्याने आधी नाव सांगावं." कोणी हलेना. मी उगाच स्लाइड पुढेमागे करत राहिलो.

तेव्हा मागून आबा उठले. "माका एक इचारूचा आसा."

ते मला वाचवायला उठले होते. उत्तर त्यांना ठाऊक होतंच. पण मला फक्त हशा दिसला. मी हात पसरून, नाटकातल्यासारखा वाकून म्हणालो, "आपलं नाव, काका?"

मांडव खदखदून हसला. अख्ख्या व्याख्यानातला माझा सगळ्यात मोठा हशा.

आबांनी हात जोडले. मामलेदार कचेरीत जोडायचे तसे. "भिकाजी गोविंद तांडेल. राहणार इथलाच." मग तशाच कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "दोर बुळबुळीत का होतो, ते आपण सांगावं." मी वीस मिनिटं सांगितलं. टाळ्या पडल्या.

घरी जेवताना ते म्हणाले, "आपण घ्या अजून. दमला असाल." मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. मीही म्हणालो, "आभारी आहे." आये हसली. सकाळी स्टँडवर "आपण सांभाळून जा" ऐकलं, तेव्हा तिचं हसू गेलं होतं. पोचल्याचं पत्र टाक म्हणून दर वेळी मला दोनदा बजावणारा माणूस त्या दिवशी खिडकीपासून हातभर लांब उभा होता.

पुढच्या गणपतीत मी त्यांचे पाय धरले. "आबा, चुकलंय. माका अरे-तुरे करा." ते कावरेबावरे झाले. "तसं काही नाही. आपण बसा ना." आये मला विहिरीकडे घेऊन गेली. "तो रागावलो नाय रे. तू समोर इलस काय तेका कचेरीत उबो रवल्यासारख्या वाटता. तोंडातसून शब्दच येणत नाय."

नंतर सहा वर्षं. शेजाऱ्यांशी, कोंबड्यांशी, होडीशी ते मालवणीत बोलत. माझ्याशी आपण. शेवटच्या दुखण्यातही मी तांदळाची पेज भरवली, तर म्हणाले, "आपल्याला त्रास."

आता आयेही नाही. घराला कुलूप आहे, चावी माझ्याकडे आहे, आणि मला ते उघडायची घाई नसते. व्याख्यानं मात्र अजून देतो. हशे वसूल करतो, ती खोड जात नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याला नाव विचारत नाही. आणि बँकेत, लग्नात, रेशनच्या रांगेत, कुठेही मला कोणी नाव विचारलं की पूर्ण सांगतो. समोरचा पेन थांबवून म्हणतो, "नुसतं नाव आणि आडनाव चालेल हो."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो. वसंत भिकाजी तांडेल. त्या मांडवात, भर सभेत, हे मी सांगायला हवं होतं.