मी अंगठा लावत नाही

शोभा गेली तेव्हा मी वणीच्या बाजारात वांगी निवडत होते. मुलाचा फोन आला, "आई, काकू गेली." निवडलेली वांगी परत टोपल्यात टाकली आणि जीपमध्ये येऊन बसले. रडले नाही. राग आला होता. आता दीड महिना झाला, तो अजून गेलेला नाही...

शोभा माझी धाकटी जाऊ. अंगणवाडीत शिकवायची. मूलबाळ नाही, दीर आधीच वारलेला. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही तीस वर्षं काढली. आमचं गाव कोळशाच्या रस्त्यावर आहे. ट्रक ताडपत्री न टाकता धावतात. सकाळी झाडलेली ओसरी दुपारी काळी होते, कापूस झाडावरच मळतो. सगळे खोकतात, पण कोणी बोलत नाही, कारण घरटी एक जण त्या ट्रकवर आहे. माझा मुलगाही आहे. शोभाला तर दमा होता. तिनं एक उद्योग सुरू केला. रोज सकाळी खिडकीच्या फरशीवर बोटानं एक रेघ ओढायची, तिचा फोटो काढायचा, खाली "आजची रेघ" असं लिहायचं आणि फोनवरून जगाला दाखवायचं. बस, एवढंच. काही महिन्यांत बाहेरदेशांतून लोक आपापल्या खिडक्यांवरच्या रेघा पाठवू लागले. त्यांचं बोलणं फोनच अर्धंमुर्धं मराठी करून द्यायचा. शोभा चुलीवरचा चहा सोडून मला दाखवायला यायची.

"बाई, हे पाहा, पोलंडची. आपल्या गावची आहे."

"हे गोरी? आपल्या गावची?"

"तिची खिडकी पाहा ना. जिची खिडकी काळी, ते आपल्या गावची."

"मंग तिले पोळ्याले बोलाव. पुरन वाटाले कोनी नाही माह्याजवळ."

ती हसायची, आणि हसता हसता खोकायची. मग म्हणायची, "एवढ्या लोकायनं अंगठा दाबला, बाई. घरच्या मानसानं नाही. दाबा ना."

मी दाबला नाही. माझ्या आईनं जन्मभर कागदांवर अंगठा लावला. आपण कशावर लावतो, ते तिला कोणी सांगितलं नाही. म्हणून तिनं मला चौथीपर्यंत शाळेत धाडलं. मी म्हटलं, "मी सही करते. अंगठा लावत नाही."

"हा तो अंगठा नाही वं बाई! हा म्हनजे, मी तुह्यासंग आहे."

"संग तर भिंतीपलीकडंच आहे. त्याले अंगठा कायले?"

पुढे तिनं तहसिलात अर्ज नेला. ट्रकवर ताडपत्री टाका, रस्त्यावर पाणी मारा, एवढंच मागणं. साहेबानं विचारलं, गावातल्या सह्या किती? हिनं फोन काढून दाखवला. साहेब म्हणाला, हे लोक आमच्या तालुक्यात येत नाहीत. मग अर्ज घेऊन ती दारोदार फिरली. एकानंही सही केली नाही. शेवटी माझ्याकडे आली. मी मुलाकडे पाहिलं आणि म्हटलं, "उद्या करते." सहीचा एवढा तोरा मिरवणारी मी! त्या उद्याला पाच महिने झाले...

तिचाही राग येतोच. श्वासाचा पंप संपला, हे तिनं पोलंडच्या बाईला कळवलं होतं; मुलाला ते मागून तिच्या फोनात दिसलं. मला सांगितलं नाही. भिंतीवर एक थाप मारली असती तरी मला ऐकू आलं असतं.

तेराव्याला गावच्या बायकांनी तिचं घर धुतलं, खिडकीही पुसली. चांगल्या मनानंच. मुलगा तिचा फोन घेऊन बसला होता. म्हणाला, "आई, हे लोक इचारून राह्यले, आजची रेघ काहून नाही?"

परवा तिच्या खोलीत गेले. खिडकी पुन्हा काळी झाली होती. अर्ज तिथंच, चहाच्या डब्याखाली होता. त्यावर एकच सही, तिची. तिच्याखाली मी पूर्ण नावानं सही केली. मुलगा दारात उभा होता.

"आई, माह्या कामाचं काय?"

"ताडपत्री टाकत जाय."

मग खिडकीच्या फरशीवर अंगठा टेकवला आणि सहीशेजारी उमटवला. शाईची गरज पडली नाही.