जिन्याखालचं टेबल आणि शर्टावरचा चष्मा

घर विकलं की जुन्या मालकाने दिलेला शब्द नव्या मालकाच्या गळ्यात पडतो की नाही? नुसती मान डोलवू नका, उत्तर द्या. जिन्याखालच्या इस्त्रीवाल्या मावशीचं सगळं पोट या एका उत्तरावर होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी जुना मालक तिला म्हणाला होता, "जिना आहे तोवर जागा तुझी." झालं. कागद नाही, सही नाही. या मालकाला अख्खी इमारत होहोकाका म्हणायची, कारण त्याच्या तोंडून नकार कुणी कधी ऐकलाच नव्हता. यंदा काका इमारत एका चष्मेवाल्याला विकून मुलीकडे राहायला गेले. चष्मेवाल्याने आल्या आल्या फर्मावलं की टेबल उचला, इथे माझी मोटरसायकल लागणार.

मावशीने टेबल उचललं नाही, होहोकाकांनाच साक्षीला धरून आणलं. काकांनी शब्द कबूल केला, अगदी तारखेसकट. मावशीची मान ताठ झाली. तेवढ्यात चष्मेवाला कुरकुरला, मग माझ्या गाडीचं काय? काकांनी प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हो हो, तीही इथेच लावा."

मावशीने साक्षीदाराला पायरीवर बसवलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. त्यालाही काका हो म्हणाले.

चष्मेवाल्याला जोर चढला. शब्द ज्याने दिला त्याच्याकडून वसूल करा, म्हणाला. शिवाय आपण इमारत बघायला आलो तेव्हा इथे टेबलबिबल काही दिसलं नव्हतं. दिसलं असतं तर विचारलं नसतं?

लोकांची नजर तपासून पोट भरणाऱ्या माणसाला साडेचार फुटांचं टेबल दिसू नये! मावशीचं डोकं इस्त्रीहून तापलं. पण तिचा एक नियम आहे. कपडा पाच मिनिटांसाठी का आलेला असेना, आतल्या शिवणीवर पक्क्या शाईने गिऱ्हाइकाची खूण केल्याशिवाय ती इस्त्री टेकवत नाही. एकदा दोन शेजाऱ्यांच्या पँटी बदलल्या आणि दोघांत वर्षभर अबोला झाला, तेव्हापासून. डॉक्टरीणबाईंची खूण सुई, मास्तरांची छडी.

"शर्टाचा खालचा काठ उलटा करा," ती म्हणाली.

त्याने केला. आत दोन गोल, मधे रेघ.

"हे तुम्ही काढलंत?" चष्मेवाला भडकला. "डाग समजून मी त्या शर्टवाल्याशी तीनदा भांडून आलो!"

"इमारत बघायला चुरगळलेल्या शर्टात आला होतात. मी इस्त्री करेपर्यंत याच पायरीवर बनियनवर बसला होतात. तेव्हा कशाकडे बघत होतात?"

जिन्यावर जमलेले सगळे खो खो हसले. चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग पुटपुटला, "बरं, राहा."

"राहा हे एकदा ऐकून झालंय," मावशी म्हणाली. "आता लिहा."

टेबलावरच्या चादरीवर, त्याच शाईने त्याने लिहिलं: जिना आहे तोवर जागा मावशीची, पुढे इमारत घेणाऱ्यालाही हे बंधनकारक. खाली सही. काकांनी साक्षीची सही ठोकली आणि आणखी कुठे करू, असं विचारलं.

मोटरसायकल अंगणात असते, मावशीच्या दुसऱ्या एका जुन्या चादरीखाली. तर तुम्ही कधी कपडे टाकायला तिथे गेलात, तर एवढं करा: टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर चहाचा कप ठेवू नका. तिथे मावशीचा करारनामा आहे.