दादाची राखाडी बोट

माझा थोरला भाऊ मुंबई बंदरात एका टगवर इंजिनाचं काम करायचा. टग म्हणजे मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावणारी लहान, दणकट बोट. एकाहत्तरच्या लढाईत नौदलाने ती मागून घेतली, काळी-तांबडी होती ती राखाडी रंगवली, पुढे तोफ बसवली आणि दादासकट समुद्रात नेली.

त्यानंतर सुट्टीवर नागपूरला सक्करदऱ्याच्या घरी आला, की तो बोटीचंच बोले. मी नुकताच कॉलेजात शिकवू लागलो होतो. त्याबद्दल त्याने काही विचारलं नाही. लोखंडाचं एवढं काय कौतुक, असं मी एकदा म्हणालो, तर तो हसला.

"तुले नाही समजायचं गा. तोफेच्या वजनानं नाक खाली घालून चालून राहिली होती बिचारी."

बिचारी, असं तो आईलाही कधी म्हणाला नव्हता.

लढाई संपली तरी बोट नौदलाकडेच राहिली. दादाला दुसऱ्या टगवर घातलं. पुढे तो आजारी होऊन घरी आला. धंतोलीच्या दवाखान्यात मी शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होतो. तो मात्र विचारायचा, तोफ काढली असंल का?

दहाव्याला तळ्याकाठी पिंडाला कावळा शिवेना. गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करण्याचा शब्द द्यावा लागतो. मी हात जोडून म्हणालो, वहिनीला अंतर देणार नाही, पोरींना शिकवीन. कावळे बाभळीवरच बसून राहिले. काका म्हणाले, "अजून काही असंल त्याचं. आठव गा."

मला आठवेना. तेवढ्यात मागून दादाचा जोडीदार पुढे आला. मूळचा कोकणातला, लढाईतल्या त्याच टगवरचा. सकाळच्या गाडीनेच उतरला होता. पिंडाशी वाकून तो हळू म्हणाला, "नागपूरकर, तोफ काढली. बोट परत आली आपल्याकडं. जुनाच रंग दिलाय."

कावळा उतरला.

सगळ्यांना हायसं वाटलं. काकांनी त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला. मी तळ्याकडे पाहत राहिलो.

निघताना तो म्हणाला, "या एकदा मुंबईला. बोट दाखवतो तुम्हाला." येईन म्हणालो.

पोरी शिकल्या. वहिनीचं कधी अडू दिलं नाही. उत्तरपत्रिका तपासायला पुढे बरेचदा मुंबईला गेलो, पण बंदराच्या बाजूला पाऊल टाकलं नाही.