खर्च कोनाचा, खुर्ची कोनाची

कुठलाही कागद हातात पडला की सर आधी त्याची उभी घडी घालायचे. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, नाही तर नगरपालिकेचं पत्रक. मधोमध घडी घालून नखाने ती पक्की करायची, डाव्या बाजूवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "खर्च कोनाचा?" मग बोट उजव्या बाजूवर. "अन् खुर्ची कोनाची?"

तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याला आयुष्यात एकच प्रश्न पडलाय आणि तो साऱ्या जगाला तोच विचारत फिरतो. लोक हसतात. मीही हसायचे.

पुसदला कॉलेजच्या रस्त्यावर माझं टायपिंग, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. सर त्या कॉलेजात इतिहास शिकवायचे, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आणि उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून काहीच नाही. ते पहिल्यांदा आले तेव्हा खांद्यावर खताच्या पोत्याची शिवलेली थैली होती आणि थैलीत हाताने लिहिलेले शेकडो कागद. प्रबंधाचं काम होतं.

"कशावर आहे, सर?"

"इंग्रजायच्या वकिलातीचा खर्च कोन करे, त्याच्यावर."

मला वाटलं, काहीतरी कोर्टाचं असेल. मग टाइप करता करता कळत गेलं. इराणात, आखाताच्या बंदरांवर, पार चीनमधल्या काशगरला इंग्रजांचे वकील, म्हणजे राजदूत, बसायचे. त्यांचे बंगले, घोडे, शिपाई, बगिचे. हा खर्च लंडनने करायचा की हिंदुस्थानच्या तिजोरीतून काढायचा, यावर लंडन आणि इथलं सरकार यांची वर्षानुवर्षं पत्रापत्री चालली. कुठे अर्धा-अर्धा ठरलं, कुठे जास्तीचा भार इकडे.

"इथलं सरकार बी इंग्रजायचंच," सर म्हणाले. "म्हंजे भांडनारे दोघंही तेच. पैसे तेवढे आपले. आपल्या वणीच्या शेतसाऱ्यातला एखादा रुपया तेहरानच्या गुलाबाले गेला असन, ताई. अन् त्या वकिलातीत आपला मानूस कोनता? तर दारावर भाला घेऊन उभा हाय तो."

"बाप्पा! अन् हे पुसदले कोन वाचनार?"

"तुमी वाचूनच राह्यल्या ना," सर म्हणाले. खरंच होतं ते.

माझ्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एकच खुर्ची आहे, लाल प्लास्टिकची. सर त्या खुर्चीवर कधी बसले नाहीत. तासन् तास काउंटरला टेकून उभे. मी किती वेळा म्हटलं, बसा. तर म्हणायचे, "ज्या दिवशी ह्या प्रबंधावर माह्यं नाव छापून येईन, त्या दिवशी बसतो." एक चहा दोघांत म्हटलं तर तेही नाही. अर्ध्या-अर्ध्याचा त्यांनी धसकाच घेतला होता.

त्यांच्या बहिणीच्या साखरपुड्यातली गोष्ट त्यांचा सगळा बंजारा तांडा सांगतो. खर्च दोन्हीकडे सारखा ठरला होता. सरांनी पत्रिकेची घडी घातली, मांडवाकडे पाहिलं आणि नवऱ्याच्या बापाला विचारलं, "खर्च अर्धा, मंग सोफ्यावर सारे तुमचेच पाव्हने काहून?" लग्न मोडतं की काय अशी वेळ आली. पण सोफ्यावरचे दोघे उठले आणि सरांच्या आई-वडिलांना तिथे बसवलं. सर स्वतः मागे पंगतीत वाढत होते.

"आमी लदेणीवाले," असं ते अधूनमधून म्हणत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर दुसऱ्यांचं मीठ आणि धान्य लादून गावोगाव नेत. "पाठ आमची, माल लोकायचा. मी बी तेच करून राह्यलो, फक्त कागदं वाहतो." उन्हाळ्याच्या सुटीत ते जनरल डब्यातून दिल्लीला जायचे, तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत बसून हाताने उतरवून आणायचे. अशी अकरा वर्षं.

आता दुसऱ्या माणसाबद्दल सांगते. तो त्यांचा विभागप्रमुख आणि प्रबंधाचा मार्गदर्शक. त्याचं नाव मी घेणार नाही. त्याने एका माणसाचं नाव खाल्लं, मी त्याचं कशाला छापू? राहणारा मूळ आमच्याच जिल्ह्यातल्या नेरचा, आणि हे त्याने कुणाला विसरू दिलं नाही. गणपतीच्या भाषणापासून निरोप समारंभापर्यंत सुरुवात ठरलेली, "मी नेरच्या मातीतला माणूस." सरांनी त्याचे पेपर तपासले, त्याची रेल्वेची तिकिटं काढली, त्याच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या गाड्या लावल्या. आणि प्रबंध? "अजून थोडं पाहू." शेवटी तर म्हणाला, विषयात दम नाही, दुसरा घे.

त्यानंतर महिन्याभराने तो माझ्या दुकानात आला. हातात जाडजूड बाड. "बाई, हे पुस्तकासारखं नीट लावून द्या. वर माझं नाव टाका."

मी पहिलं पान पाहिलं आणि डोकं सणकलं. माझ्या जुन्या प्रिंटरचा ड्रम खराब होता, प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला फिकट काळी रेघ यायची. ती रेघ तिथे होती. म्हणजे मीच सरांसाठी काढलेली पानं. वरचं सरांच्या नावाचं पान तेवढं फाडलेलं.

"अन् सरांचं नाव?"

"आभारात घेतो ना. बारीक अक्षरात चालेल."

संध्याकाळी सर आले तेव्हा मी सांगितलं. ते लगेच त्याच्या घरी गेले आणि परत आले ते पायरीवरच टेकले. "मले म्हने, तू जे शिकला ते माझ्याकडूनच शिकला." मग थैली मांडीवर घेत म्हणाले, "ताई, त्याचं पुस्तक आधी निघालं तर माह्या प्रबंधाले लोक चोरीचा म्हनतीन."

मी सरळ सांगते, मी माफ करणाऱ्यांतली नाही. मला त्या माणसाला उभं जाळावंसं वाटलं. काम परत करता आलं असतं, पण त्याने दुसरीकडून करून घेतलं असतं. मग मी ठरवलं, करून देते. असं करून देते की जन्मभर आठवशील.

पुस्तकात वकिलातींचा एक तक्ता होता. बंदर अब्बास, बंदर-ए-लिंगेह, अशी ओळीने ठिकाणं आणि पुढे कुणी किती खर्च केला ते. त्यात मी माझ्या हाताने एक ओळ घातली: बंदर-ए-नेर. खर्च अर्धा-अर्धा. शेरा: येथील वकील फक्त खुर्चीत बसे, लिहिण्याचे काम दुसराच करी.

तीनदा प्रूफ दिलं. तीनही वेळा ते पान मुद्दाम सगळ्यांत वर ठेवलं. मला धाकधूक होती. स्वतःचं गाव कुणाला दिसत नाही? पण त्याने फक्त कव्हरवरचा फोटो पाहिला, तो मोठा करायला सांगितला आणि त्या पानावर सही ठोकली: तपासले, छपाईस योग्य. त्या दिवशी मी घरी जाताना पाव किलो पेढे घेतले.

प्रकाशन कॉलेजच्या सभागृहात झालं. मीही गेले, पहिल्यांदाच काठापदराची साडी नेसून. सरांकडे खुर्च्या लावायचं काम दिलं होतं. भाषणं झाली, "नेरच्या मातीतला" झालं, पुस्तकं वाटली गेली. सर मागे भिंतीला टेकून पुस्तक चाळत होते. तक्ता त्यांना पाठ होता. एका पानावर ते थांबले, मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला.

सर पुढे गेले. "सर, एक शंका होती. हे बंदर-ए-नेर कुठं हाय?"

विभागप्रमुख खुर्चीत मागे रेलला. "इराणच्या आखातात. मी स्वतः कागदपत्रं पाहिली आहेत."

"अन् तिथला खर्च?"

"अर्धा-अर्धा. लिहिलंय ना त्यात."

"अन् खुर्ची कोनाची?"

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही. बंदर म्हटलं की आमच्या लोकांना झाडावरचं माकडच आठवतं. आधी मागच्या रांगेतून "नेरचं बंदर!" असं कुणीतरी म्हणालं, मग सगळ्यांनी पान काढलं, शेरा मोठ्याने वाचला गेला, आणि सभागृह फुटलं. पाहुणे तोंडावर रुमाल धरून बसले. मला विचाराल तर तो आवाज मी आजही चवीने आठवते. प्राचार्यपद त्याच्या खिशात होतं, ते गेलं. पार बाभूळगावच्या एका लग्नातसुद्धा लोक त्याला "बंदरसाहेब" म्हणून ओळखू लागले.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. मला वाटलं, आभार मानतील.

"ताई, मजा आली. खोटं नाई सांगत, अकरा वर्षांत एवढा हासलो नाई." मग त्यांनी पुस्तक उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. "पन हे माह्या तक्त्यात खोटं हाय. त्याले मारायचंच होतं तर माह्या कामानं कायले मारलं?"

मला सूड पाहिजे होता, त्यांना तक्ता खरा पाहिजे होता. महिनाभर ते दुकानात आले नाहीत.

मग सरांनी तक्रार केली आणि चौकशी समिती बसली. विभागप्रमुख म्हणाला, ती ओळ टायपिस्ट बाईची चूक. मी समितीपुढे सही केलेलं पान टाकलं आणि म्हटलं, "चूक नाही, मी मुद्दाम घातली. अन् ह्यांनी न वाचता पास केली." मग समितीने सरांना विचारलं, ही ओळ तुमची होती का? मी मनात म्हणत होते, हो म्हणा सर, चोर पकडायला मीच ताईला घालायला लावली म्हणा, इथेच संपतं.

"नाई," सर म्हणाले. "मी खोटं लिहीत नाई."

झालं! समितीला पळवाट मिळाली. दोन्ही मजकुरांत साम्य आहे पण फरकही आहे, तेव्हा अधिक अभ्यास व्हावा. तो अभ्यास अजून चालू आहे. माझ्या एका ओळीने त्याची खुर्ची घालवली, आणि सरांचं नावही तिनेच अडवलं. हे मी कुणावर ढकलत नाही.

पुढे एका उन्हाळ्यात पेपर तपासताना सरांच्या छातीत कळ आली. यवतमाळला नेईपर्यंत संपलं होतं. शोकसभेत मधल्या खुर्चीवर कोण बसलं होतं, ते सांगायला नको. "माझा लाडका विद्यार्थी" म्हणाला. मी कार्यक्रमपत्रिकेची उभी घडी घातली आणि उठून आले.

सरांची थैली त्यांच्या बहिणीने मला आणून दिली. मी सगळं पहिल्यापासून पुन्हा टाइप केलं, त्यांच्या कागदांवरून, ओळ न् ओळ ताडून. तक्त्यात बंदर अब्बास आहे, बंदर-ए-लिंगेह आहे, तिसरं काही नाही. छापून, बांधून, वर सोनेरी अक्षरांत नाव घातलं. इथे त्यांचं नाव लिहीत नाही. ते जिथे असायला पाहिजे होतं तिथे आहे. पाहायचं असेल तर दुकानात या.

तो आता निवृत्त झालाय. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या झेरॉक्ससाठी माझ्याकडेच येतो, कारण बँकेजवळची दोन दुकानं बंद पडली. गुडघे गेलेत त्याचे. यंदाही आला, घामाघूम, काउंटर धरून उभा. लाल खुर्चीवर सरांचं पुस्तक ठेवलेलं होतं, नाव वर करून.

"बाई, ते पुस्तक उचला जरा. बसतो."

मी त्याचा दाखला हातात घेतला, मधोमध उभी घडी घातली, नखाने पक्की केली.

"खर्च माझा हाय," मी म्हटलं. "खुर्ची सरांची. तुमी उभे राहा."

मशीन सावकाश तापत होतं. मी घाई केली नाही.