मामांची लाल बाही

माणूस चंद्रावर गेला याचं साऱ्या जगाला कौतुक होतं. माझ्या आत्याच्या यजमानांना कौतुक होतं ते तो काय घालून गेला याचं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. शिरूर अनंतपाळच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि मशीनमागून त्यांना जग म्हणजे नुसते कपडे दिसायचे. नवरदेव बघून आले की सांगणार, "पोरगा बरा हाय, पण सदऱ्याची काजं लई ढिली." मयतीला गेले तरी खांदा देता देता पुढच्याच्या पाठीवरची शिवण तपासणार. आत्या कपाळाला हात लावायची.

चंद्रावरच्या दोघांचा फोटो छापून आला, तो मामांनी भिंतीला डकवला आणि त्यांची झोप उडाली. दोघंही पांढरेधोप, तोंडावर काच. कोण कोणता, काही पत्ता लागेना. "इतका खर्च केला, अन् बाहीला एक रंगीत पट्टी मारता येईना व्हय?" शेवटी त्यांनी कार्ड लिहिलं. पत्ता : चांदखातं, अमेरिका. पोस्टमन म्हणाला, "टेलरमामा, हे कार्ड उदगीरच्या पुढं जायचं न्हाई." तरी पेटीत टाकलंच. आणि काय सांगावं, दोन-तीन वर्षांनी नवा फोटो आला, त्यात एकाच्या बाहीला नि मांडीला लाल पट्टी! म्होरक्याला लाल, दुसरा कोरा, म्हणजे लांबून बघणाऱ्याचा घोटाळा होत नाही, असं खाली छापलेलंही होतं. मामांनी बाजारभर साखर वाटली. माझे वडील बापू, म्हणजे मामांचे मेहुणे, सगळ्यांत जास्त हसले. "अमेरिकेतले टेलर संपले काय समदे?"

त्याच साली दुष्काळ पडला. शिरूरजवळच्या आमच्या गावात विहीर खोल करायचं काम निघालं. चौघांनी खाली उतरून दगडात भोकं पाडायची, सुरुंगाचे बार भरायचे, चौघं वर आले की मुकादमानं बॅटरीच्या पेटीचं बटण दाबून ते उडवायचे. चौघंही भुकटीनं पांढरेफटक, तोंडाला फडकं. मामा काठावरून वाकले आणि ओरडले, "आरं, हे तर चांदावरचेच!" दुसऱ्या दिवशी लाल पट्टीची बाही शिवून हजर. बापू सगळ्यांत शेवटी वर येत, म्हणून ती बापूंना. ती वर दिसल्याबिगर बटणाला हात लावायचा न्हाई, हा मामांचा कायदा. बापू उखडले, "मी काय पोळ्याचा बैल हाय का?" आत्यानं डोळे वटारले तेव्हा कुठं घातली. मामा रोज दुकान टाकून बाही बघायला यायचे. लोक हसायचे, मीही हसायचे.

एका सकाळी मी भाकरी घेऊन गेले, तेव्हा बार भरून झाले होते. मुकादमानं पांढरी डोकी मोजली. चार. त्यातलं चौथं वर उभं राहून दोर ओढणाऱ्याचं होतं, कारण त्याच्याही अंगावर तीच भुकटी; पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मुकादम बटणाकडे वळला आणि मामांनी पेटीच उचलून पोटाशी धरली.

"टेलर, बाजूला व्हा! चारी आलेत!"

"चार असतील. माझी बाही कुठं हाय?"

लोक खदखदून हसले. तेवढ्यात विहिरीतून बापूंचा आवाज आला, "दोर टाका की रे! पहार अडकली हुती!"

मुकादमानं स्वतः दोर टाकला. माझ्या हातातली भाकरी कधी पडली, मला कळलंच नाही. बापू वर आले, त्यांचा चेहरा पांढरा होता आणि तो काही नुसता भुकटीनं नव्हे. मामांनी त्यांच्या बाहीचा सुटलेला दोरा तेवढा दातानं तोडला.

ही गोष्ट मामांनी कधी कुणाला सांगितली नाही. लातूर जिल्हा झाला, त्याच्या आदल्या वर्षी ते गेले. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत मला टायपिस्टची नोकरी लागली. पहिल्या दिवशी बापू सोडायला आले. संध्याकाळी बाहेर येऊन बघते, तर फाटकापाशी तसेच उभे.

"अहो बापू, दिवसभर इथंच? घरी का गेला नाहीत?"

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "तुझ्या मामानं दिलेला दिस हाय, बाई," ते म्हणाले. "पोटभर बघून घेतला."